बाबांच्या कानातले यंत्र

सोमवारी सकाळी, श्रवणयंत्रे बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीच्या बैठकीच्या खोलीत, लेकीने अभियंत्यांसमोर नव्या यंत्राचा आराखडा मांडला. जुने यंत्र म्हणजे संस्थापक बाबांच्या गळ्यातला ताईत. ते नकारच देणार, या धास्तीने तिचा आवाज चढला.

"ओरडतेस कशाला? बहिरा नाही मी!"

तिने चमकून पाहिले. बाबांच्या कानात प्रतिस्पर्धी कंपनीचे यंत्र होते.

"घरभेदी तुम्हीच निघालात की," ती पुटपुटली, आणि तेही त्यांना ऐकू गेले.

बाबा ओशाळून हसले. "आपल्या यंत्रातून नातीचं बोलणं नुसतं खरखरतं गं. काल तिची गोष्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली."

मग ते साऱ्या अभियंत्यांकडे वळले. "आपलं यंत्र कालबाह्य झालंय. हिचं करा."