खिळ्याविना टांगलेले जाळे

मी एक जुने जाळे आहे. सध्या माझा मुक्काम तलासरीत, हायवेपासून दोन गल्ल्या आत, एका भाड्याच्या खोलीच्या भिंतीवर आहे. जाळ्याचे भिंतीवर काय काम, असे तुम्हाला वाटेल. मित्रांनो, मलाही आधी तसेच वाटले होते.

समुद्रकाठच्या वरोर गावात, एका अंगणात मोतीराम नावाच्या मच्छीमाराने मला विणले. तेव्हा त्याचे केस काळे होते आणि बोटे इतकी चपळ, की गाठ कधी पडली ते बघणाऱ्याला कळत नसे. माझी घरे बारीक, करंगळीही शिरणार नाही एवढी. पुढची कितीतरी वर्षे मी समुद्रात काढली. पाण्यात उतरले की सगळे अंग सैल व्हायचे. हिरवट उजेडात मी हळूहळू उलगडत जायचे आणि वर कुठे, खाली कुठे, हेही विसरून जायचे. मासळी भरून वर आले की मोतीराम म्हणायचा, "शाबास गो माझे बाय!" तेवढे मला दिवसभर पुरायचे.

पुढे एकदा मी खडकात अडकले आणि मला वीतभर भोक पडले. त्याच सुमारास मोतीरामच्या गुडघ्यांनी दगा दिला. होडी विकली गेली. मला घडी करून माळ्यावर टाकले. कौलांतून उन्हाची एक तिरीप यायची. तिच्यात धूळ तरंगताना दिसली की ती बारीक मासळीच आहे असे मला वाटायचे, आणि पडल्या पडल्या मी ती पकडायचे. अशी किती वर्षे गेली, ठाऊक नाही.

मोतीरामच्या मुलाला, नविनला, हायवेवरच्या अच्छाड गावी ट्रकच्या टायरच्या दुकानात काम मिळाले. त्याने तलासरीत खोली घेतली आणि आईवडिलांना सोबत आणले. आई चंद्रा लगेच रुळली, सुकी मासळी घेऊन बाजारात बसू लागली. सून रुपल शिवणकामाला जाऊ लागली. मोतीराम मात्र दिवसभर कोऱ्या भिंतीकडे बघत बसे.

"शनिवारच्या एसटीनं मी वरोरला जातो," त्याने एक दिवस जाहीर केले. "इथं माझं मन लागत नाय."

वरोरच्या घराला कुलूप होते. मागे तो तिथे एकटाच राहिला होता, तेव्हा विहिरीवर घसरून पडला आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ताही लागला नाही. चंद्राने त्याला परोपरीने समजावले. पण मोतीराम एकदा बोलला की बोलला.

सासऱ्यांना ही खोली आपली वाटावी म्हणून ती कोरी भिंत सजवायची, असे रुपलने मनाशी ठरवले. अडचण होती घरमालकीण जमनाबाईंची. मजुरी करून त्यांनी या खोल्या उभ्या केल्या होत्या आणि भिंतींवर त्यांचा भारी जीव.

"खिळा नाय, रंग नाय, चिकटपट्टी पण नाय," त्या म्हणाल्या. "गेल्या भाडेकरूनं चिकटपट्टी काढली, तिच्यासंगं माझा गिलावा पण निघाला."

तेव्हा रुपल वरोरला जाऊन मला घेऊन आली. नविनने दोन बांबू जमिनीपासून छतापर्यंत घट्ट बसवले. खूण उमटू नये म्हणून दोन्ही टोकांना टायरच्या ट्यूबचे तुकडे लावले. त्या बांबूंमध्ये मला ताणून बांधले. रुपलने कपड्यांच्या चिमट्यांनी माझ्यावर फोटो लावले, शिंपल्यांच्या माळा सोडल्या. विजेची बटणे भिंतीच्या मधोमध होती. तिने मला असे फिरवले, की माझे भोक नेमके बटणांवर आले. मित्रांनो, माझ्या भोकाचे कुणी कौतुक करील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते! जमनाबाईंनी मागे डोकावून भिंत तपासली आणि "हे चालंल," म्हणाल्या.

मोतीराम तेवढा भडकला. "जाळं भिंतीवर? भिंतीत काय बोंबील हायेत?"

शुक्रवारी दुपारी तो घरात एकटाच होता. त्याची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. पंख्याच्या वाऱ्याने मी हलत होते. शिंपल्या किणकिणत होत्या, आणि मला वाटले की भरती आली. तेवढ्यात मोतीराम उठला. माझ्या भोकाकडे तो दोन दिवस बघत होता. भोक पडलेले जाळे आणि स्वस्थ बसलेला मोतीराम, हे कधी एकत्र नांदलेले नाही. त्याने पंखा बंद केला, पिशवीतून सुई आणि दोरा काढला आणि तो मला विणू लागला. किती वर्षांनी ती बोटे माझ्या अंगावरून फिरली! मला फार बरे वाटले.

रुपल परत आली तेव्हा मोतीराम घामाने निथळत बसला होता.

"बाबा, पंखा का नाय लावला?"

"लावता येत नाय," मोतीराम खाली बघत म्हणाला. "बटन जाळ्यात गेलं."

रुपलने बोट घालून पाहिले, जाईना. मग ती इतकी हसली, की मोतीरामही हसला. या खोलीत तो पहिल्यांदाच हसत होता.

तिने कात्री उचलली तसा तो ओरडला, "कापू नको गो! वरची गाठ सोड, बांबू सरकव. खिळे थोडेच मारलेत?"

दोघांनी मला दोन हात डावीकडे सरकवले. बटणे मोकळी झाली. मात्र घडीत दडलेली माझी उजवी कड उलगडली. तिथे उंदरांनी चांगलीच मेजवानी झोडली होती. मोतीराम चष्मा पुसून बघत राहिला.

"चंद्राला बाजारातून दोऱ्याचं रीळ आणायला सांग."

"आणि उद्याची एसटी, बाबा?" रुपलने भीत भीत विचारले.

"हे असं फाटकं टाकून जाऊ काय?"

ती कड महिनाभरात विणून झाली. आता एक गुपित सांगते. काम संपत आले, की दुपारच्या वेळी, मोतीराम आंघोळीला गेला असताना रुपल हळूच येते आणि माझा एखादा धागा कापते. मला दुखते, पण मी हूं की चूं करत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी म्हातारे माणूस नुसते बसून असेल, तर आपली फाटलेली पिशवी, ढिली झालेली खुर्ची त्याच्यासमोर नेऊन ठेवा. स्वतःला करता येत असले, तरी ठेवा.

रुपलला वाटते, मोतीरामला काही कळत नाही. पण फाटलेला धागा कोणता आणि कात्रीने कापलेला कोणता, हे मोतीराम बोट लावून सांगू शकतो. आंघोळ करून आला की तो त्या टोकावरून बोट फिरवतो, सुनेकडे एकदा बघतो आणि सुईत दोरा भरायला बसतो.