पडदे ओढून भरलेली बैठक

औसेपने आतापर्यंत चार वेळा दारू सोडली होती आणि चार गावच्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकाही पालथ्या घातल्या होत्या. माणसं सगळीकडे भलीच. चहा द्यायची, पाठीवर हात ठेवायची. पण औसेप जन्मापासून ठार बहिरा. लोकांचं बोलणं त्याची मुलगी जिन्सी त्याला हातांनी सांगायची आणि त्याच्या हातांचं बोलणं लोकांना तोंडाने. शेवटी प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे. औसेप उघडेच ठेवायचा. मिटले की त्याच्यापुरती बैठकच नाहीशी व्हायची.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय आपली दारू सुटणार नाही, हे तो जाणून होता. पण ती गोष्ट जिन्सीच्या आईच्या मरणाची होती. ती जिन्सीच्याच तोंडून कशी वदवायची?

एर्णाकुळमला बहिऱ्यांची स्वतःची बैठक भरते, असं पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका सोबत्याने त्याला सांगितलं. रविवारी दुपारी बापलेक कोट्टयमहून बसने तिथे पोचले. शिवणवर्गाची खोली होती. दारातच सुबैदा नावाच्या धिप्पाड बाईने जिन्सीला अडवलं.

"तू कानवाली ना?" तिचे हात म्हणाले. "मग बाहेर बस."

"अप्पांचं बोलणं कोण सांगणार?"

"कुणाला सांगायचंय? इथे सगळे त्याच्यासारखेच."

जिन्सीने वडिलांकडे पाहिलं. "अप्पा, जमेल तुम्हाला?"

"जमेल," औसेप म्हणाला, पण त्याला तशी खात्री नव्हती.

आत सुबैदा पडदे ओढू लागली. भर दुपारी ट्यूबलाइट लागली. "कानवाले दार लावून घेतात," ती म्हणाली. "आपलं बोलणं खिडकीतून बाहेर जातं. समोर मैदानात आपल्याच बहिऱ्यांच्या क्लबातली पोरं खेळतायत."

औसेपला जरा हायसं वाटतंय, तोच पलीकडच्या बाकावरून एका टकल्याने अंगठा बोटांवर चोळला. शाळेतलं औसेपचं नाव होतं ते. डिंक.

"अरे डिंक! ओळखलंस का? मी राघवन. अजून कागदच चिकटवतोस का रे?"

औसेप ओशाळला. "इथे ओळख गुप्त ठेवतात ना?"

"गुप्त? आपल्यात? तू पितोस हे मला सत्त्याण्णव सालीच कळलं होतं. तेव्हा तू पीतही नसशील!"

खोली हसली, आणि औसेपही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आज तो सगळ्यांबरोबर हसला होता. इतर बैठकांत विनोद त्याच्यापर्यंत पोचायचा तेव्हा बाकीचे चहाचे कप उचलत असायचे.

मग सुरुवातीची शांतता झाली. बावीस जणांनी हात मांडीवर ठेवले आणि डोळे उघडे ठेवून एकमेकांकडे पाहिलं. एवढे हात एकाच वेळी गप्प झालेले औसेपने कधी पाहिले नव्हते.

मध्यभागी समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर वर्की नावाचा म्हातारा बसला होता. त्याची दृष्टीही गेली होती. जो बोलेल तो वर्कीसमोर बसे, आणि वर्की आपले तळवे त्याच्या हातांवर अलगद ठेवून ऐके. सव्वीस वर्षं त्याने थेंब घेतला नव्हता.

तिसऱ्यांदा ती खुर्ची रिकामी झाली, तेव्हा औसेप जाऊन बसला. म्हाताऱ्याचे कोरडे, हलके तळवे त्याच्या हातांवर आले.

"माझी बायको त्रेसिया आजारी होती," तो म्हणाला. "तिलाही ऐकू यायचं नाही. तिच्या उशाशी बटण होतं आणि दिवा माझ्या खोलीत. दिवा लागला-विझला की ती बोलावतेय. त्या दुपारी..."

"सावकाश," एकच हात क्षणभर सोडवून वर्की म्हणाला. "तुझा आवाज कापतोय."

औसेपने हात स्थिर करायचा प्रयत्न केला. "दिवा लागला. मी पाहिला. बाटलीत थोडी उरली होती, ती संपवून उठू म्हटलं. दिवा पुन्हा लागला. मी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी गेलो तेव्हा ती संपली होती. मुलीला सांगितलं, मला झोप लागली होती. मी जागा होतो."

आता हे तळवे उचलले जाणार, म्हणून तो थांबला. तळवे उचलले गेले नाहीत. त्याने वर पाहिलं. भोवतीच्या माणसांत एकानेही नजर वळवली नव्हती. सुबैदाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण पुसायला तिने हात उचलला नाही, कारण दुसरा बोलत असताना तिथे हात हलवत नाहीत.

"ऐकलं," वर्की म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मीही असाच जागा होतो एकदा. पुढच्या रविवारी सांगेन."

तीन वर्षं ही गोष्ट औसेपच्या मनगटांच्या आत कोंडली होती. आज ती खोलीभर पसरली होती, आणि खोली जागच्या जागी होती.

जिन्सी बाहेर पायरीवर बसली होती. त्याला पाहून ती उठली.

"कशी झाली, अप्पा?"

"हीच माझी बैठक. यापुढे मी एकटा येईन."

तिचा चेहरा उतरला. "का? मी काही चुकीचं सांगायचे का?"

"तू बरोबरच सांगायचीस. मीच अर्धं सांगायचो."

"आणि उरलेलं?"

"बस इथे. आधी तुला सांगतो." त्याचे हात कापू लागले, पण त्याने ते खाली घेतले नाहीत.