रविवारी प्रवेश मोफत

“अस्वलाला हात लावायचा नाही,” रखवालदार म्हणाला.

पेंढा भरलेल्या अस्वलाच्या पंजाकडे गेलेला चिमुकला हात मागे आला. मुलीने मान वर करून पाहिलं आणि ओठ गच्च मिटून घेतले. हसू यायला लागलं की असं करायचं, हे घरून ठरवून आलं होतं.

“बरं, काका,” ती म्हणाली.

साडेचार वर्षांच्या मानाने अभिनय बरा होता. बाप म्हणून त्याला अभिमान वाटला. काका म्हणून त्याने कपाळाला आठी घातली.

संग्रहालयाच्या दारावर पाटी होती: ‘रविवारी लहान मुलांसह येणाऱ्या कुटुंबांना प्रवेश मोफत. सहकुटुंब या.’ शहरातल्या कुटुंबांना रविवारी एकत्र येता यावं म्हणून संग्रहालयाच्या माणसांची रविवारची सुट्टी बंद झाली, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. याची सुट्टी मंगळवारी. मंगळवारी मुलगी शाळेत, बायको शिवणाच्या कारखान्यात, आणि हा घरात बसून भिंतींवर नजर ठेवून असे. इतर दिवशी तो पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. मग बायकोनेच तोडगा काढला. सगळं शहर सहकुटुंब जातं, तर आपणही जाऊ. फक्त कामाच्या वेळेत घरच्यांशी बोलताना कोणी सापडला तर त्याला मेमो मिळे. त्याचे दोन झाले होते. तिसऱ्याला नोकरी जायची.

बायको काचेच्या कपाटातल्या घुबडासमोर उभी होती.

“दिलात का अर्ज?” तिने घुबडाला विचारलं.

“साहेब चारला फेरीवर येतात,” तो दरवाजाकडे बघत म्हणाला.

“मागच्या रविवारीही चार वाजले होते.”

“तेव्हा साहेबांचा मूड नव्हता.”

“आणि तुमची हिंमत नव्हती, ते सांगा की. महिन्यातून एक रविवार मागतोय आपण. त्यांचं संग्रहालय नाही मागत.”

घुबड काही बोललं नाही. नवराबायकोच्या मधे न पडण्याइतकं ते मुरलेलं होतं.

त्याने खिसा चाचपला. घडी घालून घालून अर्ज मऊ पडला होता. आज मात्र द्यायचाच. चारला दहा मिनिटं कमी असताना त्याने शर्टाची वरची गुंडी लावली, घसा साफ केला, ‘साहेब, एक विनंती होती’ हे वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं.

तेवढ्यात देवमाशाच्या सांगाड्याभोवती पळणारी मुलगी गुळगुळीत फरशीवर सटकली आणि चौथऱ्याच्या कडेवर तोंडावर पडली. आधी काहीच आवाज आला नाही. मग दालन दणाणलं.

तो पोचला तेव्हा तिच्या ओठातून रक्त येत होतं.

“काका,” ती हुंदके देत म्हणाली, “लागलं, काका.”

त्याने तिला उचललं. रुमालाने ओठ दाबून धरला, पाठीवरून हात फिरवला आणि कानाशी हळू आवाजात देवमाशाच्या बरगड्या मोजायला लागला. सातव्या बरगडीला रडणं उतरलं. नवव्या बरगडीला तिने मान त्याच्या खांद्यावर टाकली. तो अकरावीपाशीच रेंगाळला. पुढे फारशा उरल्या नव्हत्या.

“वा,” मागून आवाज आला.

साहेब दारात उभे होते. बायकोने पुढे होऊन मुलीला त्याच्या कडेवरून घेतलं.

“थँक्यू हं, दादा,” ती म्हणाली.

लग्नाच्या सातव्या वर्षी तो बायकोचा भाऊ झाला.

“केव्हाचा बघतोय मी,” साहेब खुशीत होते. “बाकीचे नुसते पोरांवर खेकसतात. परक्या पोराला इतक्या मायेने कोण घेतं हो आजकाल?”

“साहेब, एक विनंती होती—”

“थांबा, आधी माझं ऐका. मुलांच्या दालनाला रविवारी कायमचा माणूस हवाय. वरून सारखी विचारणा होतेय. तुमचं नाव आजच कळवतो. आता वर्षभर रविवारी तुम्हाला कोणी हलवणार नाही. हं, तुमचं काय होतं?”

त्याने बायकोकडे पाहिलं. ती मुलीचा ओठ पुसत होती.

“काही नाही, साहेब.”

“ताई,” साहेब बायकोकडे वळले, “दोन ओळी लिहाल का अभिप्रायाच्या वहीत? चांगल्या माणसाचं कौतुक व्हायला हवं.”

“लिहिते की.”

मुलीला कडेवर घेऊनच ती टेबलाशी वाकली. लिहिताना एकदा थांबली, मग शांतपणे वाक्य पुरं केलं. पेन टोपण लावून जागेवर ठेवलं आणि मागे न बघता निघाली. तिच्या खांद्यावरून मुलगी मात्र बघत होती. ओठ सुजल्यामुळे तिला आता ते मिटता येत नव्हते.

सातला लोक गेल्यावर, दिवे मालवण्याआधी त्याने वही कपाटात ठेवायला उचलली. बायकोचं अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.

‘इथले रखवालदार लहान मुलांना फार मायेने सांभाळतात. त्यांना स्वतःचं मूल नसावं, असं वाटलं.’

खाली साहेबांनी लाल शाईने शेरा मारला होता: ‘उत्तम. दर्शनी फळ्यावर लावावे.’

काचबंद फळ्याची किल्ली त्याच्याकडेच असे.