दहाव्याचा शब्द

हरलेल्या लढाईवर पुस्तकं फार निघतात. जिंकलेल्यांना नुसतं मिरवायचं असतं, हरलेल्यांना खुलासे द्यायचे असतात. हे मला भिवंडीच्या गोडाऊनमध्ये कळलं. तिथे ऑनलाइन विकलेली आणि गिऱ्हाइकाने परत पाठवलेली पुस्तकं येतात. फाटकी, भिजलेली लगद्याला जातात, आणि ती वेगळी काढणं ही माझी ड्युटी. सुपरवायझरला विचारून त्यातलं एखादं घरी नेता येतं. तीन वर्षांत मी चार नेली. चारही श्रीलंकेत गेलेल्या आपल्या फौजेबद्दलची, कारण माझा सावळारामकाका तिथेच मेला, सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात. माझे वडील ‘शहीद झाला’ म्हणतात. मी एकदा ‘कुणासाठी?’ असं विचारलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दर रविवारी गावी, दिघाशीला, पडवीत बसून मी ती पुस्तकं ठकूकाकीला वाचून दाखवायची. ठकूकाकी म्हणजे सावळारामकाकाची बायको. पुस्तकं इंग्रजी, मी वाचता वाचता जमेल तसं मराठी करायची. सेनापती लिहितो, दिल्लीने नकाशेसुद्धा धड दिले नाहीत. दिल्लीचा साहेब लिहितो, फौजच म्हणाली होती की चार दिवसांत आटपतो. हुकूम ज्यांच्या हातात होता, नंतर पेनही त्यांच्याच हातात आलं, आणि चूक त्यांची कधीच नव्हती. तिसरं पुस्तक तिथल्या एका तमिळ मास्तरीणबाईंचं. आपले जवान त्यांच्या गल्लीत शिरले तेव्हा काय काय झालं, ते त्यांनी लिहिलंय. ते मी गाळत गाळत वाचलं, पण काकी काही दुधखुळी नाही.

“त्यात ह्ये व्हते का गो?”

“नावं नाहीत, काकी.”

“मंग व्हते बी असतील.” एवढं म्हणून ती भात बघायला आत गेली.

तिला युद्धाशी देणंघेणं नव्हतं. तिला काकाचं एक वाक्य हवं होतं, त्याच्या मनात शेवटी काय होतं ते सांगणारं. कारण त्या मनातल्या इच्छेवर तिचा सगळा जन्म गेला होता.

झालं होतं असं. अस्थी घरी आल्या, त्या दिवसापासून दहावा धरला. तेव्हा काकी वीस वर्षांची होती. आमच्यात विधवेचा पाट लावतात, त्याला कुणी नाक मुरडत नाही. तिच्या मामाने वज्रेश्वरीला एक स्थळही हेरलं होतं. दहाव्याला तानसा नदीच्या काठी पिंड मांडले, पण कावळा शिवेना. तास झाला, दोन झाले. घरचे धाकट्या भावाला शिकवू म्हणाले, आईला सांभाळू म्हणाले. कावळे झाडावर गप्प. शेवटी आजोबा हात जोडून म्हणाले, “तुझी बायको दुसऱ्याच्या घरात जायची न्हाय. तुझ्याच नावानं हितं राहील.” आणि कावळा झपकन उतरला. मामाने मान खाली घातली. काकीला कुणी विचारलं नाही. काकानेच मागितलं म्हटल्यावर विचारायचं काय?

“त्यांचीच विच्छा व्हती, येवढं मना कळलं ना, तर मंग मना कायच बोलायचं न्हाय,” ती मला म्हणाली होती.

चौथं पुस्तक एका कॅप्टनचं. ते मी आधी वाचून ठेवायला हवं होतं. पण आठवडाभर शिफ्ट लांबली, आणि मी ते तसंच घेऊन दिघाशीला गेले. काकी वाल सोलत बसली होती. अर्ध्या तासाने त्या पानावर पाच नावं आली, एकाच दिवशी मेलेल्या पाच जणांची. तिसरं नाव सावळाराम, पुढे जिल्हा ठाणे.

काकीचे हात थांबले. “परत वाच.”

मी वाचलं. तिने तीनदा वाचायला लावलं. अडतीस वर्षांत तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं नसेल. मलाही भरून आलं, आणि त्या भरात मी पुढची ओळ वाचून बसले.

‘लाकूड कमी होतं, वरून गोळीबार चालू होता. पाचही जणांना एकाच चितेवर ठेवलं. सकाळी राखेची पाच मडकी भरली आणि पाच पत्ते चिकटवले. कुणाचं काय, ते बघायला वेळ नव्हता.’

जीभ चावून काय उपयोग? मी पान उलटलं, पण काकीने पुस्तकावर हात ठेवला.

“म्हंजी ती राख ह्यांची न्हवती.”

“थोडी असेल ना, काकी. आणि दहाव्याला नाव तर काकाचंच घेतलं होतं.”

“मंग कावला कुनाचा शिवला?”

ती पुन्हा वाल सोलायला लागली. सोलता सोलता म्हणाली, “तुज्या आजोबांनी शबूद दिला, तो कुनाला दिला गो?” आणि मग, “त्या बाकीच्या चौघांच्या बायका, त्यांनी पाट लावलं असतील.” ती रडली असती तर बरं झालं असतं. मी पुस्तक पिशवीत टाकलं, सोमवारी लगद्यात फेकलं. माझी अक्कल तिथेच फेकायला हवी होती.

पितृपक्षात हत्याराने गेलेल्यांची तिथी चतुर्दशीला. त्या दिवशी काकी दरवर्षी काकाचं पान कौलावर ठेवते आणि कावळा शिवेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. एकदा संध्याकाळ झाली होती, तरी ती बसून होती.

यंदा मी मुद्दाम रजा टाकून गेले. तिने भात, वडे, वालाचं बिरडं, सगळं नेहमीसारखं केलं होतं. शिडी लावून पान वर ठेवलं. खाली उतरायच्या आतच कावळा आला, पानाजवळ बसला. मी सुटकेचा श्वास घेतला.

काकीने हातातलं फडकं त्याच्या अंगावर उगारलं. “हाड! तू कोन रे?”

कावळा उडून विजेच्या तारेवर बसला. ती पान उतरवून पडवीत घेऊन आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि नवऱ्याच्या पानातला पहिला घास तिने स्वतःच्या तोंडात घातला.

“भूक लागलीय,” ती म्हणाली. “लय वर्सांची.”