कोणाकडची पाहुणी

टाउनोने दोरी ओढली आणि सकाळपासून अर्ध्यावर लटकलेला झेंडा काठीच्या टोकापर्यंत चढवला. दफन उरकून घरी आलं की झेंडा थोडा वेळ असा पुरता वर चढवायचा आणि मग उतरवून घडी घालून ठेवायचा, हा रिवाज. दोरी खुंटीला गुंडाळायला त्याने नको तितका वेळ लावला. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"टाउनो, अरे कॉफी निवतेय!" दारातून लेंपी ओरडली. लेंपी म्हणजे त्याच्या गेलेल्या बायकोची, हेल्वीची, थोरली बहीण. "झेंड्याशी काय बोलत उभा राहिलायस? काय बोलायचं ते आत येऊन बोल."

नेमकं तेच त्याला नको होतं. दफनानंतरच्या कॉफीला घरधन्याने आधी दोन शब्द बोलायचे, मग बाकीच्यांनी आठवणी सांगायच्या, अशी इथली रीत. घरधनीच गप्प राहिला तर लोकही गप्प खातात, गप्प उठतात आणि गप्प घरी जातात, आणि गेलेल्या माणसाबद्दल त्याच्याच घरात अवाक्षर निघत नाही. टाउनोचा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला होता. करवतीच्या कर्कश आवाजात माणसाची बोलायची सवय मोडते. घरातलं बोलण्याचं खातं पहिल्यापासून हेल्वीकडे. गेला आठवडाभर तो रोज रात्री शब्द जुळवत होता, आणि 'हेल्वी चांगली बायको होती' याच्यापुढे गाडी सरकत नव्हती. एवढंच बोलून तिला निरोप द्यायचा या कल्पनेने त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

रस्त्यावरून सायकलींच्या घंटा वाजत गेल्या. आज गावात घरगुती कॅफेंचा दिवस. वर्षातून एकदा हौशी मंडळी आपल्या अंगणात नाहीतर स्वयंपाकघरात टेबलं मांडून येईल त्याला कॉफी पाजत, आणि शहरातली माणसं गल्लीबोळ धुंडाळत येत. पाद्रीबाबांना दुसरा कुठलाच शनिवार मोकळा नव्हता म्हणून दफनही आजच आलं. हेल्वीला दर वर्षी वाटायचं, आपणही मांडावं. टाउनो म्हणायचा, "परकी माणसं आपल्या स्वयंपाकघरात? बघू पुढच्या वर्षी."

तो आत गेला. लांब टेबलाभोवती काळ्या कपड्यांतली माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. राईच्या पावावर खारवलेला मासा होता, पावाचे थर रचून केलेला सँडविचचा भलामोठा खारा केक होता आणि मधोमध टोपलीत पुल्ले होते, वेलदोडा घातलेले मऊ गोड पाव. ते हेल्वीच्याच हातचे. ती नेहमी ढीगभर करून फ्रीजरमध्ये टाकून ठेवी, आणि मुलीने, मिन्नाने, आज पहाटे ते बाहेर काढले होते. टोपलीकडे बघायचं टाउनो टाळत होता. त्याच्या शेजारची हेल्वीची खुर्ची रिकामी होती. दाटीवाटीने बसले होते सगळे, पण तिथे कोणी बसलं नव्हतं.

मिन्नाने बापाकडे बघून मान हलवली. टाउनो उठला. त्याने कोटाचं बटण लावलं, काढलं, घसा खाकरला.

"कॉफी घ्या," तो म्हणाला आणि खाली बसला.

लेंपीने कपाळाला हात लावला. नुसते चमचे वाजू लागले.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. दाराशी कोणीतरी बूट काढून ठेवले आणि निळ्या पोशाखातली, साठीकडे झुकलेली एक बाई मोज्यांवर आत आली. गाल वाऱ्याने लाल झालेले, खांद्याला कापडी पिशवी.

"नमस्कार! केवढी गर्दी! जागा होईल का एका माणसाची?"

उत्तराची वाट न बघता ती सरळ येऊन हेल्वीच्या खुर्चीवर बसली.

टेबलावरचे सगळे चमचे थांबले. टाउनोने लेंपीकडे पाहिलं, लेंपीने मिन्नाकडे, मिन्नाने पुन्हा टाउनोकडे. तोंड उघडून 'आपण कोण?' असं मात्र कोणी विचारलं नाही. दुःखाच्या घरी आलेल्या माणसाला असं विचारायचं म्हणजे काय! पाद्रीबाबांनी तर ओळखीचं हसून केकची थाळी तिच्याकडे सरकवली.

टाउनो बुचकळ्यात पडला. चर्चमध्ये ही नव्हती. हेल्वीच्या गाण्याच्या मंडळातली असेल? पण त्या बायका तर समोर ओळीने बसल्या होत्या आणि त्याही टकमक बघत होत्या.

लेंपी कॉफी ओतायच्या मिषाने त्याच्या कानाशी वाकली. "तुझ्याकडची ना रे ही?"

"माझ्याकडची? मला वाटलं, तुमच्याकडची."

"आमच्याकडं इतकं धीट कोणी नाही."

मिन्ना दुसऱ्या बाजूने आली. "बाबा, आईबरोबर दवाखान्यात होत्या का या?"

त्याने खांदे उडवले. दवाखान्यातल्या बायकाही आठवून पाहिल्या. एकही चेहरा जुळेना. आपलंच डोकं चालेनासं झालंय असं वाटून तो घाबरला. हेल्वीच्या इतक्या जवळचं माणूस, हक्काने तिच्या खुर्चीवर बसलंय, आणि आपल्याला नावही आठवू नये!

बाई मात्र आपल्याच नादात होती. तिने मासा खाल्ला, कॉफीचा घोट घेऊन डोळे मिटले, मग टोपलीतला पुल्ला उचलून तो मधोमध फोडला आणि आधी नाकाशी धरला.

"हा वेलदोडा हातानं कुटलेला आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बारीक पूड नाही ही, दाताखाली येतोय. असे पुल्ले मी आईच्या हातचे खाल्ले होते, त्यानंतर आज. कोणी केले हो?"

सगळ्या माना खाली गेल्या. मिन्नाने ओठ चावला.

"माझ्या बायकोने," टाउनो म्हणाला.

"कुटते कशात? सांगा ना. मी घरी कुटायला घेतला तर सगळी चाळ उठून बसते."

आता विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायचं तर टाउनोला अवघड नव्हतं. "मोज्यात," तो म्हणाला.

"मोज्यात?"

"माझ्या लोकरीच्या मोज्यात. दाणे मोज्यात घालायचे, गाठ मारायची आणि लाटण्याने ठोकायचं. पहाटेच उठते ती. गिरणीतून दमून आलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून मोजा. आवाज येत नाही, असं तिला वाटतं."

"येतो का?"

"येतो तर! आमची भिंत केवढीशी. लग्न झाल्यापासून दर शनिवारी पहाटे मी जागा असतो. डोळे मिटून पडून राहायचं आणि ऐकायचं. एकदा जरी बोललो असतो, की बाई गं, जागा आहे मी, तर ती थांबली असती ना."

"आणि ते मोजे?" गाण्याच्या मंडळातल्या एकीने न राहवून विचारलं.

"ते मी घालायचो! सोमवारी बूट काढले की अख्ख्या गिरणीत वेलदोड्याचा घमघमाट. पोरं म्हणायची, टाउनोच्या पायाला लोणी लावा रे, खायला घेऊ."

पहिल्यांदा हसले ते पाद्रीबाबा. मग लेंपी. "लबाडा!" ती म्हणाली, "आणि ती मला सांगायची, आमचा टाउनो ओंडक्यासारखा झोपतो म्हणून!" ती इतकी हसली की तिला रुमाल काढावा लागला, आणि तो तिने बराच वेळ डोळ्यांना लावून धरला. गिरणीतला एक म्हातारा उठला आणि हेल्वीने एकदा मुकादमाला कसं फैलावर घेतलं होतं ते सांगू लागला. त्याचं संपायच्या आत गाण्याच्या मंडळातल्या दुसरीने सुरुवात केली. टोपली हातोहात फिरली. टाउनोनेही एक पुल्ला घेतला आणि खाल्ला. सबंध टेबल बोलत होतं. आपण नेमकं काय केलं ते काही त्याला उमगेना, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

बाई उठून दाराशी गेली तेव्हा पोचवायला तो मागोमाग गेला. आता तरी नाव विचारायलाच हवं होतं.

ती बूट चढवत म्हणाली, "पैसे कोणाकडे देऊ?"

"कसले पैसे?"

"कॉफीचे! पुल्ला, मासा, केक, सगळ्यावर ताव मारलाय मी. सकाळपासून फिरतेय हो. ज्या घरावर झेंडा तिथे कॉफी, असं बसमध्येच सांगितलं होतं. चार ठिकाणी गेले, सगळीकडे नुसता नटवेपणा. तुमचा झेंडा शेवटी दिसला. इथली माणसं जरा शांत वाटली आधी, पण मग काय रंगली! खरं सांगू, कॅफे असावा तर असा."

टाउनो उंबऱ्यात उभा राहिला. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याचे कान गरम झाले. सांगून टाकावं असं वाटलं, आणि तो शब्द शोधू लागला. बाई पाकीट उघडून त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या ओठाला साखरेचे कण चिकटले होते.

"किती वाजेपर्यंत उघडं आहे?" तिने विचारलं. "माझी बहीण नदीपलीकडे राहते. तिला हे चाखवायलाच हवं."

आतून लेंपीचं हसणं ऐकू आलं.

"पाचपर्यंत," टाउनो म्हणाला. "पैसे राहू द्या. तिला घेऊन याल तेव्हा बघू."

"आणि बायकोला सांगा हं तुमच्या."

"सांगतो."

ती फाटकाबाहेर पडून दिसेनाशी झाल्यावर तो आत आला. टेबलावरचे उष्टे कप त्याने गोळा केले. हे काम त्याने या घरात कधी केलं नव्हतं, त्यामुळे मिन्ना बघतच राहिली.

"मिन्ना, कॉफी टाक गं आणखी. मोठ्या भांड्यात टाक."

"आता कशाला?" लेंपी म्हणाली. "सगळ्यांची झाली की. अजून कोण यायचंय?"

"गिऱ्हाईक," टाउनो म्हणाला, आणि कप धुवायला घेतले.