दोघांची एकच साक्ष

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत, माणसाला चांगुलपणा कोण शिकवतो यावर जितका वाद झाला असेल, तितका कुठल्या कॉलेजातही झाला नसेल. वाद घालणारे दोघंच. एकाला सगळे महाराज म्हणत, कारण देवाचं नाव घेतल्याशिवाय तो यंत्राचं बटणसुद्धा दाबत नसे. दुसऱ्याला माकड म्हणत. त्याने कुठूनशी उत्क्रांतीवरची दोन जाडजूड पुस्तकं पैदा केली होती आणि तेव्हापासून तो भेटेल त्याला त्याचे पूर्वज सांगत सुटला होता. नाव त्याला इतकं पसंत पडलं होतं की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे.

डबे उघडले की या दोघांच्या मधे ती बसायची. दोघंही तिला ताई म्हणत. तिला सख्खा भाऊ नव्हता, त्यामुळे ती हाक तिने जरा जास्तच मनावर घेतली होती.

“वरच्याचा धाक नसता ना ताई, तर माणसाने माणसाला कच्चं खाल्लं असतं,” महाराज घास हातात धरूनच बोलायचा.

“हट्! लंगड्या माकडासाठी अख्खा कळप थांबतो. त्याला काय कुणी पोथी वाचून दाखवली? एकमेकांना धरून राहिले ते तगले, त्यांचीच आपण पोरं. चांगुलपणा रक्तातच असतो.”

“मग तुझ्या रक्ताने काल माझ्या डब्यातला बटाटा का पळवला?”

ताई हसून हसून बेजार व्हायची. निकाल मात्र तीच द्यायची; आज महाराज जिंकला, उद्या माकड, कुणी रुसायला नको. चांगुलपणा वरून पडला काय की आतून उगवला काय, या दोघांपाशी तो आहे ना, मग आपल्याला काय करायचंय, असं तिला वाटायचं. बिचारीला तेवढं पुरत होतं.

तिघांचं काम एकाच यंत्रावर. चादरींना इस्त्री करणारा लांबलचक तापलेला रोलर. अलीकडून ताई ओल्या चादरीची कड आत सरकवायची. पलीकडे ते दोघं तिच्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि बाहेर येणारी चादर दोन टोकांना धरून घडी घालायचे. ताईच्या बोटांपुढे एक लोखंडी दांडी होती. हात जास्त पुढे गेला, दांडीला लागला, की रोलर जागच्या जागी थांबे. पण दांडी म्हातारी झाली होती. जाडसर शिवण लागली तरी यंत्र बंद पडायचं. एके दिवशी सुपरवायझरचं डोकं फिरलं.

“वर बांधून टाका ती दांडी! माल खोळंबलाय!”

ताई नको नको म्हणत राहिली. महाराजाने फाटक्या चादरीची एक पट्टी फाडून दिली, माकडाने त्या पट्टीने दांडी वर आवळली.

“घाबरतेस काय ताई? आम्ही समोरच आहोत ना,” दोघंही म्हणाले.

त्याच दुपारी चादरीबरोबर तिचा उजवा हात आत गेला. माकडाने झेप घेऊन यंत्र बंद केलं, महाराजाने तिला दोन्ही हातांवर उचलून दवाखाना गाठला. हे खोटं नाही, आणि हेच तिला पुढे सगळ्यात जास्त छळणार होतं.

हात वाचला, पण बोटं मिटेनात. इकडे सुपरवायझरने कानांवर हात ठेवले. मी असं बोललोच नाही, बाईनेच स्वतः दांडी बांधली, म्हणाला. चौकशी लागली. चूक तिची ठरली असती तर नोकरी गेलीच, वर कामचुकार आणि बेफिकीर हा शिक्का; आणि अशा हाताच्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार?

दोघं दवाखान्यात आले, तेव्हा महाराजाने गळ्याला हात लावला. “देवाशपथ ताई, घडलं तेच सांगीन.”

“मला शपथेची गरज नाही,” माकड म्हणाला, “मी आहेच तुझा.”

ज्या मोठ्या बहिणीकडे ताई राहायची, ती पलीकडे बसून औषधाच्या पुड्या लावत होती. ते गेल्यावर ती म्हणाली, “दांडी ज्यांनी बांधली, तेच साक्ष देणार? तू म्हणजे अगदीच भोळी आहेस गं.” ताई त्या दिवशी तिच्याशी बोललीच नाही.

चौकशीच्या दिवशी ती बाहेर बाकावर बसली होती. महाराज आत जाऊन आला, माकड जाऊन आला. दोघंही तिच्यासमोरून खाली मान घालून गेले. तिला वाटलं, चौकशी करणाऱ्या साहेबांनी बाहेर बोलायला बंदी केली असेल.

मग तिला आत बोलावलं. साहेब चष्मा सावरत म्हणाले, “तुमच्या दोन्ही साक्षीदारांचं म्हणणं एकच आहे. दांडी कुणी बांधली ते त्यांनी पाहिलं नाही. त्या वेळी त्यांची तुमच्याकडे पाठ होती.”

पाठ? पाठ करून चादर धरायची तरी कशी? तिने ते सांगितलं, पुन्हा सांगितलं, पण दोघांचं एक आणि तिचं एक. काम संपलं होतं.

ती तडक डबे खायच्या खोलीत गेली. दोघं तिथेच होते. डबे बंद.

“पाठ होती?” ती म्हणाली.

महाराज रडायलाच लागला. “ताई, घरात दोन लेकरं आहेत गं. सुपरवायझर म्हणाला, दांडी तुम्ही बांधलीत, जाल तर तुम्हीच जाल. जनावरसुद्धा आधी आपली पिल्लं बघतं. तो स्वभावच आहे, माणूस काय करणार?”

ती माकडाकडे वळली. त्याने भिंतीकडे बघत हात जोडले. “तुझ्यावर अन्याय झाला, कबूल. पण वरती कुणीतरी बघतोय ना ताई. तो तुला काही कमी पडू देणार नाही.”

ताई दोघांकडे बघत राहिली. इतकी वर्षं घसा कोरडा करून भांडले, आणि गळ्याशी आल्यावर बिनदिक्कत एकमेकांचं म्हणणं उचललं. संताप तिच्या मस्तकात गेला. तरी मन मोठं चिवट असतं. दोघंही एकदम नासतील, हे काही त्याला पटेना. एकाने बेत केला असेल, दुसऱ्याला भरीला पाडलं असेल. तो आढेवेढे घेत असेल, निदान रात्रभर तळमळला असेल.

“एवढंच सांगा,” ती म्हणाली, “आधी कोण कुणाकडे गेलं?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कुणीच नाही,” महाराज डोळे पुसत म्हणाला. “मी याच्याकडे निघालो होतो.”

“आणि मी त्याच्याकडे,” माकड म्हणाला. “अर्ध्या वाटेत गाठ पडली.”