खाणीकडची तार

सोलापूरच्या हद्दीला नव्यानं पडलेल्या प्लॉटांवर वच्छलाचं दोन खोल्यांचं घर होतं. दुष्काळात खडी फोडायला खणलेली खाण उजव्या अंगाला अगदी लागून. तीन पुरुष खोल, काठाला आडोसा म्हणून नाही. नवरा जोतीराम कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होता, शनिवारी घरी यायचा. एरवी घरात ती आणि सासू कस्तुराबाई, दोघीच. म्हातारीचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले होते, पण एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. म्हणून जोतीरामनं दिवाळीच्या सुट्टीत बाभळीचे खांब रोवून प्लॉटभोवती साधी तार ओढली. तारेवर हात ठेवून म्हातारी दिवसातून चार फेऱ्या मारायची, तेव्हा कुठं वच्छलाच्या जिवाला स्वस्थता आली.

आणि मग नगरपालिकेची नोटीस आली. शेजारच्या तिप्पण्णा मास्तरांनी ती वाचून सांगितली. कुंपण विनापरवाना घातलंय, समोरची बाजू होणाऱ्या रस्त्याच्या हद्दीत दहा फूट आलीय, सात दिवसांत काढून घ्या, नाहीतर आमची माणसं येऊन काढतील. मास्तरांनी परवान्याचा अर्ज लिहून दिला, सोबत प्लॉटचा उतारा जोडायला सांगितला. उताऱ्यासाठी तिला तीन हेलपाटे पडले. नोटीस हातात पडल्याच्या सहाव्या दिवशी, ओट्यावरून हलू नका असं सासूला बजावून ती कचेरीत गेली.

क्लार्कनं कागद उलटसुलट पाहिले आणि नोटिशीवरच्या तारखेवर बोट ठेवलं. मुदत त्या तारखेपासून मोजायची असते, कागद हातात पडल्यापासून नव्हे. ती काल संपली होती.

"माणसं सकाळीच गेली, बाई," तो म्हणाला.

अर्ज तिथंच टेबलावर टाकून वच्छला बाहेर धावली. मिळेल त्या टांग्यात बसली. वाटभर तिच्या डोळ्यांपुढून खाण हलेना.

घरी पोचली तेव्हा समोरचे खांब उपटून झाले होते. तीन-चार माणसं रस्त्याकडेला तारेचं भेंडोळं करत होती. तार सगळी सलग; पुढून सोडल्यावर खाणीकडचीही ढिली होऊन लोंबत होती. ओटा रिकामा होता.

वच्छला घराला वळसा घालून गेली आणि जागीच थिजली. कस्तुराबाई ती ढिली तार मुठीत धरून चालली होती. तारेसोबत तीही बाहेरच्या बाजूला ओढली गेली होती. काठ तिच्या पावलापासून दोन हातांवर राहिला होता.

किंकाळी ओठांशी आली. पण हाक ऐकली की म्हातारी तिकडं वळायची, आणि वळायला तिथं जागा नव्हती. वच्छलानं क्षणभर पदर तोंडात कोंबला, मग तो काढून श्वास घेतला आणि रोजच्याच आवाजात बोलली.

"आत्याबाई, हाय तितंच उभ्या ऱ्हावा. पायाजवळ इंचू हाय."

म्हातारी खांबासारखी उभी राहिली. वच्छला एकेक पाऊल टाकत गेली. तिच्या पायाखालचा एक दगड सुटून खाली गेला आणि क्षणभरानं पाण्याचा आवाज आला. तिनं सासूचा दंड धरला आणि तिला मागं ओढलं. दोघी जमिनीवरच बसल्या.

"कुटं हाय इंचू?"

"गेला."

"मग थरथरतीस कशाला गं?" म्हातारीनं विचारलं.

तार काढणाऱ्या माणसांचा मुकादम महादेवप्पा मागून आला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही दारातून दोनदा हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही, घर रिकामंच वाटलं, असं तो पुनःपुन्हा सांगत राहिला. समोरची बाजू परत लावणं त्याच्या हातात नव्हतं. खाणीकडच्या बाजूबद्दल मात्र हुकुमात अक्षर नव्हतं. त्यानं तिथली तार माणसांकडून ताणून घट्ट करून घेतली आणि घडलं ते सगळं अहवालात लिहिलं.

टेबलावर टाकलेल्या अर्जावर परवाना त्यानंतर नवव्या दिवशी मिळाला. समोरचं कुंपण दहा फूट आत, उंची चार फूट. तोवर वच्छलानं उंबरा ओलांडला नाही. कुंपण उभं राहिलं, तशी कस्तुराबाई पुन्हा फेऱ्या मारायला लागली. वच्छला हातातलं काम टाकून तिच्या मागं चार पावलांवर चालायची. म्हातारीला ती पावलं ऐकू येत होती. ती त्या पावलांसाठी हळू चालू लागली.